तान्ह्या बाळांना सलाईनची वाफ : नातेवाइकांना नीट सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की ग्रामीण रुग्णालयांत छाती भरलेल्या तान्ह्या बाळांची गर्दी होते आणि त्यांच्यासोबत आलेल्या आजी-आजोबांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, 'वाफ दिली का?' मी आरोग्यसेविका म्हणून आयुष्यभर नोकरी केली. तरी गेल्या डिसेंबरात साडेचार महिन्यांचा नातू ब्राँकिओलायटिसने भरती झाला तेव्हा हाच प्रश्न मीही विचारला, हे आधीच कबूल करते.

हा आजार विषाणूंमुळे, बहुतेकदा आरएसव्हीमुळे होतो. फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनलिका सुजतात, त्यांत चिकट कफ अडकतो, बाळाची छाती आत ओढली जाते आणि ते अंगावर पिणे सोडते. अँटिबायोटिकचा यात सहसा उपयोग नसतो. दम्याची औषधे आणि स्टेरॉइडही सरसकट देऊ नयेत, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणून ३ टक्के मिठाच्या सलाईनच्या वाफेकडे लक्ष गेले. साध्या सलाईनमध्ये मीठ ०.९ टक्के असते. त्याहून खारट तुषार श्वासनलिकेत पोचला की तो पाणी ओढून घेतो आणि कफ सैल होतो, असा त्यामागचा विचार आहे. (आपण त्याला वाफ म्हणतो खरे, पण नेब्युलायझरचा तुषार गरम नसतो. घरी उकळत्या पातेल्यावर बाळ धरणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.)

प्रत्यक्षात फायदा किती? सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत रुग्णालयातला मुक्काम जवळजवळ एका दिवसाने कमी झालेला दिसला होता. पुढे मोठे अभ्यास झाले आणि तो आकडा आक्रसत गेला. जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात ३४ चाचण्या आणि ५,२०५ बाळे होती. तिथे सरासरी फरक ०.४ दिवसाचा, म्हणजे सुमारे दहा तासांचा निघाला, आणि तोही फारशा खात्रीचा नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१४ मध्ये भरती असलेल्या बाळांना ही वाफ देण्यास मुभा ठेवली, तर ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१५ मध्ये ती देऊच नये असे सांगितले. मोठ्या शहरातल्या भरलेल्या वॉर्डात दहा तासांनी खाट मोकळी होणे मोलाचे असेल. आमच्याकडे मात्र संध्याकाळची शेवटची एसटी चुकली की सुट्टी मिळालेले बाळही सकाळपर्यंत तिथेच थांबते.

नातवाच्या भरतीच्या दुसऱ्या रात्री वीज गेली आणि वाफेचे मशीन बंद पडले. शेजारच्या खाटेवरच्या बाळाचे आजोबा लगेच यवतमाळला नेण्यासाठी गाडी शोधू लागले. बाळाला सिलिंडरमधून ऑक्सिजन व्यवस्थित चालू होता. गाडीत तोच सुटला असता. एवढ्या लहान बाळाचा श्वास बहुतांशी नाकानेच चालतो आणि या बाळाचे नाक गच्च चोंदलेले होते. सिस्टरने टॉर्चच्या उजेडात दोन्ही नाकपुड्यांत साध्या सलाईनचे थेंब टाकले, रबरी फुग्याने शेंबूड ओढून काढला आणि आईला वाटी-चमच्याने तिचेच दूध थोडे थोडे पाजायला लावले. अर्ध्या तासात बाळ झोपले. पण कोणत्या उपचाराने बरे वाटले, हे त्या कुटुंबाला कोणीच समजावले नाही. वीज आल्यावर मिळालेल्या वाफेलाच त्यांनी श्रेय दिले.

डॉक्टरांना वाफ द्यावीशी वाटली तर त्यांनी ती अवश्य द्यावी. त्यांच्या निर्णयात ढवळाढवळ करण्याचा माझा हेतू नाही. मात्र बाळाचा जीव ऑक्सिजन, मोकळे नाक आणि पोटात जाणारे दूध यांवर अवलंबून असतो, हे नातेवाइकांना भरतीच्या वेळीच, त्यांच्या बोलीत सांगितले जावे. पऱ्हाटीच्या चुलीचा धूर बाळापासून दूर ठेवा, हेही घरी जाताना सांगावे.

आरोग्य विभागाकडे मागणी एकच आहे. नव्या नेब्युलायझरच्या आधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तान्ह्या बाळाच्या पायाला गुंडाळता येईल असा ऑक्सिमीटरचा प्रोब द्यावा. नातवाच्या अंगठ्याला मोठ्या माणसांचा चिमटा लावला होता. तो दर पाच मिनिटांनी निसटायचा आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० च्या खाली आहे की वर, हे पाहण्यासाठी माझी सून रात्रभर तो बोटांनी धरून बसली होती.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, यवतमाळ जिल्हा