एआरटी केंद्राबाहेरच्या डॉक्टरांसमोरचे मौन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी १ डिसेंबरच्या सुमारास एचआयव्हीविषयी जे छापून येते ते बहुतांशी प्रतिबंध आणि तपासणी यांबद्दल असते, आणि ते हवेच. परंतु ज्यांच्या निदानाला दशक उलटले, ज्यांचे उपचार सुरळीत चालू आहेत आणि ज्यांना आता एचआयव्हीपेक्षा गुडघे, रक्तदाब आणि साखर अधिक छळतात, अशा आमच्यासारख्यांच्या प्रकृतीविषयी क्वचितच काही वाचायला मिळते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी नाशिकचा रहिवासी असून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करतो. माझी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी रोजची औषधे, २०१४ साली सुरू झाली. तेव्हाच्या गोळीत इफाव्हिरेन्झ हे औषध असे. ती घेतली की गरगरायचे, त्यामुळे ती झोपताना घ्यायची, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात ती केव्हा घ्यावी याचा रोज पेच पडायचा. पुढे डोल्युटेग्राविरची गोळी आली आणि तो पेच सुटला. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीत माझ्या रक्तात विषाणू आढळेनासा झाला. औषधे नियमित घेऊन विषाणू असा न आढळण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, ही गोष्ट आजही अनेक सुशिक्षित घरांत ठाऊक नाही.

मग एका वर्षी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, एकाएकी वाढलेला निघाला. गोळी एकदाही चुकलेली नव्हती. ही औषधे जिथे मिळतात त्या एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी शांतपणे मला पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. त्यातून एआरटीची तीस गोळ्यांची बाटली निघाली (चालताना ती खुळखुळू नये म्हणून मी तिच्यात कापूस कोंबतो, आणि असे करणारा मी एकटा नाही), गुडघ्यासाठी मिळालेली कॅल्शियमची पाकिटे निघाली आणि आम्लपित्ताच्या चघळायच्या गोळ्या निघाल्या. पहिल्या पाळीला निघण्याच्या घाईत मी हे सारे पहाटे उपाशीपोटी एकदमच घेत होतो. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताच्या औषधांतील अॅल्युमिनियम-मॅग्नेशियम पोटात डोल्युटेग्राविरला धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे उतरत नाही, हे मला तेव्हा कळले.

गुडघ्याच्या डॉक्टरांना मी माझी एआरटी सांगितली नव्हती. त्याआधी एका दंतवैद्यांना सांगितले होते, तेव्हा त्यांनी हातातले उपकरण खाली ठेवून मला दुसरीकडे जायला सांगितले होते. तो दिवस मी विसरलो नाही, आणि त्यानंतर कोणत्याही दवाखान्यात तोंड उघडायचे नाही असे ठरवले. माझ्या मौनाची किंमत माझ्याच शरीराने मोजली, पण ते मौन मला कुठे शिकायला मिळाले, हेही वैद्यकीय क्षेत्राने पाहावे.

हा प्रश्न केवळ कॅल्शियमपुरता नाही. मधुमेहासाठी दिले जाणारे मेटफॉर्मिन डोल्युटेग्राविरमुळे रक्तात वाढते, म्हणून त्याची मात्रा जपून ठरवावी लागते. क्षयरोगावर रिफाम्पिसिन सुरू झाले तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा घ्यावे लागते. एआरटीतले टेनोफोविर हे औषध चालू असेल तर मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते, आणि त्यातच अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून खाल्ल्या तर धोका वाढतो. एआरटी केंद्रात हे सांगितले जाते, पण आमचे वय वाढते तसे आम्ही केंद्राबाहेरच्या दवाखान्यांत अधिक जाऊ लागतो.

२०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे या कायद्याने निषिद्ध आहे. शहरातील डॉक्टरांना माझी विनंती आहे की ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ हा प्रश्न बाहेरच्या खिडकीवर, रांगेतल्या लोकांदेखत न विचारता आत, दार लावून विचारावा, आणि उत्तर ऐकल्यावर रुग्णाकडे पूर्वीच्याच नजरेने पाहावे. माझ्यासारख्यांनीही निदान गोळीचे नाव तरी सांगावे. शंका असल्यास एड्स हेल्पलाइनच्या १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.

मी शेवटी धीर करून गुडघ्याच्या डॉक्टरांना सांगितले. त्यांनी चिठ्ठी मागून घेतली, कॅल्शियमच्या पुढचे ‘सकाळी’ खोडून ‘रात्री जेवणानंतर’ असे लिहिले आणि गुडघा तपासायला घेतला. तीन महिन्यांनी पुन्हा केलेल्या तपासणीत विषाणू आढळला नाही.

आपला,
एक वाचक, नाशिक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)