एका तासाची हमी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी खेळांवर लेख आला होता. त्यात स्कीइंगच्या ठिकाणी मिळणाऱ्या 'स्नो गॅरंटी'वर एक परिच्छेद होता. उतार पसंत पडला नाही तर तिकीट परत करा आणि दुसऱ्या एखाद्या दिवसाचं व्हाउचर घेऊन जा, अशी ही सोय. इथवर ठीक. पुढचं वाक्य मात्र खटकलं. ही सोय फार थोडे लोक वापरतात, त्यावरून उतार बहुधा समाधानकारकच असतात, असा लेखकाचा निष्कर्ष आहे. त्या थोड्या लोकांपैकी मी एक. म्हणून हे पत्र.

मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी स्कीइंग शिकले. आता साठी ओलांडली आहे. दरवर्षी एक आठवडा, फार तर दीड, एवढाच माझा अनुभव. पण ज्या दिवसाबद्दल सांगणार आहे तो मार्चअखेरचा होता आणि मार्चअखेर उतार कसा वागतो हे मला चांगलं ठाऊक होतं. दिवसा उन्हानं वरचा थर वितळतो, रात्री आकाश निरभ्र असलं की तो गोठतो. सकाळी उताराची काच झालेली असते. दहा-अकराच्या सुमारास ती मऊ पडू लागते, मग तास-दोन तास सुख, आणि दुपारनंतर चिखल.

आम्ही चौघं होतो. नवरा, नणंद, तिचा मुलगा आणि मी. सकाळी 9 वाजून 11 मिनिटांनी माझं कार्ड लिफ्टच्या, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यांच्या, गेटवर वाजलं. ही वेळ मला नंतर दुसऱ्यानं सांगितली, तेव्हा माझं लक्ष नव्हतं. रात्री यंत्रानं उतारावर ओढलेल्या बारीक रेघा तशाच्या तशा गोठल्या होत्या आणि त्यांच्यावरून जाताना थंडीत दात वाजावेत तशा पायाखाली स्की वाजत होत्या. वळायला स्कीची कड लावली की खर्र आवाज, पण पकड नाही. पहिल्या वळणावर मी दहा फूट आडवी घसरले. पडले नाही, याचं श्रेय नशिबाला.

दुसरी फेरी मी आणखी सावकाश केली. तिसरी पलीकडच्या बाजूनं करायची ठरवली, तर वरची लिफ्ट वाऱ्यामुळे बंद. मग पुन्हा तोच उतार. गुडघे बोलायला लागले. मी म्हटलं, मी तिकीट परत करते. भाचा म्हणाला, "मामी, अकरापर्यंत थांब ना. ऊन चढलं की मस्त होईल." नवरा म्हणाला, "आलोच आहोत तर." हे 'आलोच आहोत तर' लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

गॅरंटीची अट अशी होती की गेटवर पहिल्यांदा कार्ड वाजल्यापासून एका तासात खिडकीवर हजर व्हायचं. म्हणजे उतार सर्वांत वाईट असतो त्या वेळी घड्याळ सुरू होतं आणि तो सुधारेल की नाही हे कळायच्या आत थांबतं. भाच्याचं ऐकून अकरापर्यंत थांबावं तर हमी गेली. न थांबावं तर दिवस गेला. उलट ज्या दिवशी सकाळ छान असते आणि बारानंतर पाय घोट्यापर्यंत रुततात, त्या दिवशी ही हमी कुणाच्याच कामाची नाही.

मी गेले. स्कीचे बूट घालून पायऱ्या उतरणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. खिडकीसमोर रांग होती. माझ्यापुढे एक गृहस्थ सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन उभे होते. मुलीची हनुवटी सोललेली. तिचं तिकीट शिकवणीसकट घेतलेलं होतं आणि एकत्रित तिकिटांना हमी लागू नव्हती. त्यांनी वाद घातला नाही. मुलीचं हेल्मेट काढलं, तिचे केस सारखे केले आणि निघून गेले. तिकीट परत न करणाऱ्या 'समाधानी' लोकांत आता त्यांचीही गणना होते.

माझा नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या मुलीनं पडद्यावर पाहून सांगितलं, "9.11 ला आलात, तीन फेऱ्या झाल्यात, आत्ता 10.09. मिळेल." बोलायला गोड होती. दोन मिनिटं राखून मी जिंकले. मागच्या माणसाचं पहिलं स्कॅन 9.06 चं होतं. त्याला नाही मिळालं. तो रांगेत माझ्याइतकाच वेळ उभा होता.

आता गंमत ऐका. गाडी एकच होती, त्यामुळे बाकीचे तिघं खाली येईपर्यंत मला तिथंच बसणं भाग होतं. मी मोठ्या काचेशेजारी जागा धरली. सव्वाअकराला उतारावरची चकाकी गेली. साडेअकराला लोकांची वळणं बदलली, खर्र थांबलं, कडेला ओल्या साखरेसारखा भुगा उडू लागला. वर्षातून चार-पाच वेळा मिळावं असं हिम मी काचेतून पाहत होते आणि खिशात हमीचा कागद होता. भाच्यानं लिफ्टवरून हात केला. मीही केला. काय करणार.

व्हाउचर त्याच मोसमापुरतं होतं. मोसम दोन आठवड्यांत संपला आणि आम्ही त्याआधीच परतलो होतो. पुढच्या नोव्हेंबरात जॅकेट धुवायला काढलं तेव्हा ते आतल्या खिशात सापडलं, घडीवर पांढरं झालेलं.

तर, हमी का वापरली जात नाही? एक तर तिकीट हा सहलीच्या खर्चाचा लहानसा तुकडा. प्रवास, मुक्काम, भाड्याची स्की, शिकवणी यांतलं काहीच परत मिळत नाही. दुसरं म्हणजे 'पुन्हा कधीतरी या' हे व्हाउचर ज्याला जवळून यायचं आहे त्याच्याच कामाचं. पण जवळ राहणारा, नेहमी येणारा माणूस मोसमाचा पास काढतो आणि पासधारकांना ही हमी बहुतेक ठिकाणी लागूच नसते. एका दिवसाचं तिकीट काढतो तो लांबून आलेला. त्याला दोन आठवड्यांनी परत या म्हणणं म्हणजे तहानलेल्याला विहिरीचा नकाशा देणं. मला असा एकच माणूस माहीत आहे जो ही सोय नेमानं वापरतो. स्वतःची स्की, घर अर्ध्या तासावर, सोबत कुणी नाही. पास काढत नाही. एक फेरी मारतो, उतारावर काठी टोचून पाहतो आणि पटलं नाही तर पाऊण तासात घरी. हमी त्याच्यासाठीच लिहिलेली आहे आणि तो एकटाच असतो.

आता 'आलोच आहोत तर'. 1985 मध्ये ओहायो विद्यापीठातल्या हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी काही जणांना एक प्रश्न विचारला होता आणि योगायोग असा की उदाहरण स्कीइंगचंच होतं. समजा तुम्ही मिशिगनच्या स्की सहलीसाठी 100 डॉलर भरलेत आणि मग विस्कॉन्सिनच्या सहलीसाठी 50. विस्कॉन्सिनला जास्त मजा येईल असं तुम्हाला वाटतं. मग कळतं की दोन्ही सहली एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत. कुठे जाल? 61 जणांपैकी 33 जणांनी मिशिगन निवडलं. कमी मजेची, पण महागडी. पदरी पडलं पवित्र झालं, हे आपण जे म्हणतो ते आकड्यांत बसवलेलं. एवढा खर्च करून आलेला माणूस नऊ वाजून वीस मिनिटांनी काचेवर उभा असतो तेव्हा तो उताराचा विचार करत नसतो, केलेल्या खर्चाचा करतो. त्यात सोबतचे तिघं खेळायला निघालेले असतील तर एकट्यानं खिडकीकडे जाणं म्हणजे रंगाचा बेरंग करणं. मी गेले, कारण माझे गुडघे माझ्यापेक्षा स्पष्टवक्ते आहेत.

स्की ठिकाणं चालवणाऱ्यांची, म्हणजे चालकांची बाजूही सांगते. तासाची अट नसेल तर लोक जेवणापर्यंत मनसोक्त घसरतील आणि मग 'बर्फ बरा नव्हता' म्हणून खिडकीवर येतील. येतीलच. मी स्वतः आले नसते असं छातीठोकपणे सांगत नाही. शिवाय हवा त्यांच्या हातात नसते. कृत्रिम हिमाच्या तोफा चालवायच्या तरी पुरेशी थंडी लागते, आणि नुसती थंडी नव्हे, कोरडी थंडी. दमट हवेत पारा शून्याच्या आसपास घुटमळत असला तर त्या तोफा उभ्याच राहतात.

पण हवेचा धोका कुणाच्या अंगावर टाकायचा, हे हवा ठरवत नाही. व्हेल रिसॉर्ट्स या अमेरिकी कंपनीनं 2008 मध्ये एपिक पास हा मोसमभराचा पास आणला तो मोसमाच्या आधीच, हिमाचा पत्ता नसताना विकण्यासाठी. आज त्या कंपनीचं लिफ्टचं अर्ध्याहून अधिक उत्पन्न अशा पासांमधून येतं. मार्च 2020 मध्ये साथीमुळे उतार अचानक बंद झाले, तेव्हा पासधारकांना पुढच्या पासावर सवलत मिळाली आणि त्यानंतरच्या मोसमापासून पासाबरोबर परताव्याचं संरक्षण येऊ लागलं. दुखापत, नोकरी जाणं, ठिकाणच बंद पडणं, हे सगळं त्यात आहे. लिफ्ट चालू आहे पण उतारावर उभं राहवत नाही, हे नाही. सहलीच्या विम्यात 'पिस्ट क्लोजर' (पिस्ट म्हणजे स्कीचा उतार) नावाचं कलम असतं, तेही लिफ्ट बंद राहिल्या तर दिवसाला ठरलेली रक्कम देतं. वाईट पण उघडा उतार कुणाच्याच कलमात बसत नाही.

यात आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. आकाशातून पडतं तेही बर्फ आणि फ्रीजमध्ये जमतं तेही बर्फ. लेखातही सरसकट बर्फच लिहिलं होतं. 'हिम' शब्द आहे आपल्याकडे, पण तो आपण कवितेसाठी राखून ठेवलाय. हमी हिमाची होती, मला मिळालं ते बर्फ.

राहिला प्रश्न लेखातल्या निष्कर्षाचा. उतार समाधानकारक असतात हे चालकांच्या शब्दावर मानायचं असेल तर एक जुना अभ्यास सांगते. डार्टमथ कॉलेजच्या जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झविट्झ या अर्थतज्ज्ञांनी स्की ठिकाणांनी स्वतः जाहीर केलेले ताज्या हिमाचे आकडे तपासले. 2009 च्या त्यांच्या निबंधानुसार शनिवार-रविवारी इतर दिवसांपेक्षा 23 टक्के जास्त हिम 'पडत' होतं. ढगांना सुट्टीचा वार कळतो म्हणायचा. पुढे आयफोनवरच्या एका ॲपमध्ये स्कीअर उतारावरूनच खरी परिस्थिती कळवू लागले आणि ही फुगवाफुगवी झपाट्यानं कमी झाली, फोनला चांगली रेंज असलेल्या ठिकाणी तर जास्तच. म्हणजे चालकांना ताळ्यावर आणलं ते एकमेकांना खरं सांगणाऱ्या लोकांनी.

लेखकमहाशयांना खरोखर किती लोक नाराज होते हे शोधायचं असेल, तर परतलेल्या तिकिटांचा आकडा मागू नये. ज्या गेटला मी 9.11 ला आले आणि तीन फेऱ्या केल्या हे कळलं, त्याच गेटला हेही कळतं की कुणी दोन-तीन फेऱ्यांनंतर दिवसभर पुन्हा कार्ड लावलंच नाही. त्यातल्या काहींचा पाय मुरगळला असेल, काहींचं मूल रडलं असेल. पण काच असलेल्या सकाळी असे किती आणि ताजं हिम पडलेल्या सकाळी किती, एवढी तुलना केली तरी पुरे. हा आकडा प्रत्येक चालकाकडे आहे. त्यावरून आपोआप परतावा देणंही अवघड नाही. ठरावीक लिफ्ट बंद असतील किंवा ठरावीक वेळेपर्यंत तापमान शून्याखाली राहिलं तर अर्धी रक्कम कार्डावर परत, खिडकी नाही, रांग नाही, बूट घालून पायऱ्या नाहीत. मोजमापावर चालणारा असा विमा पावसापाण्यासाठी मिळतो, उतारासाठीही मिळू शकतो.

व्हाउचर अजून माझ्याकडे आहे. पुरवणीला छायाचित्र हवं असेल तर पाठवीन. मात्र अटी मागच्या बाजूला आहेत आणि भिंग लावल्याशिवाय वाचता येत नाहीत, तेव्हा तीच बाजू छापा आणि जरा मोठी छापा.

आपली,
एक नियमित वाचक