भरतीच्या तीन तासांपुरती पुळण: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांसी,

सादर नमस्कार.

पक्ष्यांविषयीची पत्रं वनमंत्र्यांना लिहायची असतात. तरी हे पत्र आपल्याला लिहितो आहे, कारण ज्या जागेबद्दल बोलायचं आहे ती वनखात्याच्या हद्दीत सहसा येत नाही. भरतीची लाट जिथवर पोचते तिथून सुरूच्या बनापर्यंत कोरड्या वाळूचा जो पट्टा उरतो, ती ही जागा. भरतीच्या वेळी स्थलांतरित पक्ष्यांचे थवे इथंच बसतात. घोडागाड्या तिथं उभ्या असतात, क्वाड बाइकच्या फेऱ्या तिथं चालतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची गाडी रुतते तीही तिथंच. हे सगळं सरकारदरबारी पर्यटनात मोजलं जातं, म्हणून पत्र आपल्या नावे.

मी पर्यटनाच्या विरोधातला नाही. अलिबाग तालुक्यात आमच्या वाडीत दोन खोल्या आहेत, त्या आम्ही पाहुण्यांना देतो. ऑक्टोबर ते मे आमचं घर बरंचसं त्या खोल्यांवर चालतं. किनारा बंद करा असं काही मी मागणार नाही. तसं झालं तर पहिला फटका मलाच बसेल.

पावसाळा ओसरू लागला की आमच्या पुळणीवर दुसरे पाहुणे उतरतात. आक्षीची पुळण त्यासाठी पक्षीनिरीक्षकांना चांगलीच ठाऊक आहे. आवक ऑगस्टपासूनच सुरू होते. सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून आलेल्या कर्ल्यू सँडपायपरच्या छातीवर तेव्हा विणीच्या हंगामातला विटकरी रंग थोडाफार शिल्लक असतो. ही मोठी मंडळी. त्यांची त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं मागाहून येतात, आईबाप सोबत नसताना, कधीही न पाहिलेल्या किनाऱ्यावर. नवरात्रात जो लहान, फिकट पिसांचा पक्षी वाळूवर टिपतो आहे तो अवघ्या तीन-चार महिन्यांचा असू शकतो. लाटेच्या पुढे-मागे चावी दिल्यासारखे पळणारे सँडरलिंग आर्क्टिकचे. वजन जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. छोट्या चिखल्यांपैकी बरेचसे तिबेटच्या पठारावरचे. गेटवे-मांडवा लाँचमागे उडणारे, लोक ज्यांना गाठ्या आणि वेफर टाकतात ते कुरव बघा. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांवर घरटी करतात. लडाखला जाऊन आलेल्या पाहुण्यांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. (गाठ्या टाकू नका, हेही सांगतो. त्यावर कुणी फारसं ऐकत नाही.)

काही पक्षी नुसते वाटसरू असतात. दसऱ्याच्या आसपास युरोपातला आणि मध्य आशियातला नीलपंख पूर्व आफ्रिकेकडे जाताना पश्चिम भारतात थोडा टेकतो. त्याच्या मागून नोव्हेंबरात अमूर ससाणे देश ओलांडून थेट अरबी समुद्रावर झेप घेतात. कबुतराएवढा हा शिकारी पक्षी सोमालियाच्या किनाऱ्यापर्यंत कुठेही न उतरता जातो, हे उपग्रह-टॅग लावून सिद्ध झालेलं आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ 2012 साली याच ससाण्यांची हजारोंनी कत्तल झाली होती. पुढच्याच वर्षी गावांनी ती थांबवली, आणि आता ससाणे बघायला तिथं देशभरातून माणसं जातात. पक्ष्यामुळे पर्यटन वाढल्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

पण ससाणे आमच्या पुळणीवर बसत नाहीत. माझा मुद्दा बसणाऱ्यांचा आहे.

या पाणथळ पक्ष्यांचं वेळापत्रक घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतं. सुकतीला चिखल आणि ओली वाळू उघडी पडली की ते खातात. रात्र असली तरी खातात. भरती चढली की खाण्याची जागा पाण्याखाली जाते. मग दोन-तीन तास सगळे थवे कोरड्या वाळूवर एकत्र येऊन बसतात. सुस्तावून बसतात असं वाटेल, पण ती त्यांची कामाची वेळ असते. हजारो किलोमीटर उडून झिजलेली पिसं ते याच दिवसांत बदलत असतात, आणि खाल्लेलं अंगी लागायला स्वस्थता लागते. मोठा कोरल आणि टिलवा हे पक्षी कांदळवनाच्या फांद्यांवरही बसून घेतात. चिखल्या आणि सँडरलिंग बसत नाहीत, त्यांना चहूकडे नजर पोचेल अशी मोकळी जागाच हवी. पूर्वी खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली, शेतं आणि मिठागरं होती. खारं पाणी अडवणारे बांध, म्हणजे बाहेरकाठे, फुटले, शेतात खारं पाणी शिरलं, कांदळवन वाढलं. कांदळवन वाढलं त्याचा आनंदच आहे, पण या लहान पक्ष्यांना उरली ती पुळण.

आता दिवाळीचं गणित बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास येते. हे कोळीवाड्यातल्या कुणालाही तोंडपाठ आहे. पुढे ती रोज साधारण पाऊण तासाने सरकते. म्हणजे पाडवा, भाऊबीज आणि त्यानंतरचे दोन दिवस भरती भर दुपारपासून संध्याकाळकडे जाते. उधाणामुळे कोरडा पट्टा तेव्हा सगळ्यात अरुंद झालेला असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत, त्याच तासांत, पुळणीवर वर्षातली सर्वांत मोठी गर्दी असते. हा योग दर वर्षी चुकत नाही, कारण सण तिथीवर आहे आणि समुद्रही. कोजागरीला आणि त्रिपुरी पौर्णिमेला तेच.

जवळून बघितलं तर असं दिसतं. भरती भरत आलेली. दोन-अडीचशे चिखल्या वाऱ्याकडे तोंड करून बसलेल्या, त्यातल्या कित्येक आधीच्या गाडीच्या चाकोरीत. चाकाने झालेल्या खळग्यात वारा लागत नाही, म्हणून हे पक्षी मुद्दाम त्यात दबून बसतात. वाळूच्याच रंगाची पाठ, चोच खांद्यात, एक डोळा उघडा. वीस पावलांवरून बघणाऱ्यालाही तिथं काही आहे असं वाटत नाही. गाडी चालवणाऱ्याला काय दिसणार? क्वाड बाइक येते, थवा उठतो, पंखांवरच्या पांढऱ्या पट्ट्या एकदम चमकतात, पाण्यावर दोन वळसे घेऊन तो पुन्हा तिथंच उतरू बघतो. तेवढ्यात दुसरी बाइक. शेवटी थवा खाडीपलीकडे निघून जातो. बघणारे म्हणतात, काय सुंदर उडाले. कुणी मुद्दाम पोरांना थव्यात पळायला लावून रील काढतं. आणि यात आम्हा पक्षी बघणाऱ्यांची जमातही मागे नाही. एखादा दुर्मीळ पक्षी दिसल्याची बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी लांब लेन्सवाले हजर, आणि त्यांना बसलेला पक्षी चालत नाही, पंख उघडलेलाच हवा असतो. शेकडो चिखल्यांमध्ये एखादाच ग्रेट नॉट किंवा क्रॅब प्लोव्हर सापडतो. त्याच्या एका फोटोसाठी अख्खा थवा उठवला जातो.

कायदा या जागेला काय म्हणतो? किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात कांदळवनं आहेत, प्रवाळ आहेत, वाळूच्या टेकड्या आहेत, कासवांची विणीची ठिकाणं आहेत, पक्ष्यांची घरटी करण्याची ठिकाणंही आहेत. पण हे पक्षी घरटी आर्क्टिकमध्ये नि तिबेटात करतात. इथं ते नुसते बसतात, आणि बसण्याच्या जागेचा त्या यादीत उल्लेख नाही. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, ते उत्तम झालं. पण आक्षी, रेवदंडा, मुरुड, हर्णे, आचरा अशा पुळणींचं काय? तिथं फ्लेमिंगो नाहीत, म्हणून बातमीही नाही.

बसण्याची आणि खाण्याची जागा गेली की काय होतं, ते ग्रेट नॉटने दाखवलं आहे. वीण ईशान्य सैबेरियात, हिवाळा मुख्यतः ऑस्ट्रेलियात. भारताच्या किनाऱ्यावर थोडेच येतात. दोन्ही टोकांना तसं बरं चाललं होतं. मधल्या मुक्कामाला, दक्षिण कोरियात सेमांगुमला, 33 किलोमीटर लांबीची भिंत बांधून खाजणं समुद्रापासून तोडली गेली. 2006 मध्ये ती भिंत पुरी झाली. 2015 पासून ग्रेट नॉट धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे. आमच्या नेहमीच्या पाहुण्यांचंही फार बरं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच यादीत करडा चिखल्या आणि कर्ल्यू सँडपायपर 'असुरक्षित' गटात गेले, टर्नस्टोन आणि डनलिन धोक्याच्या उंबरठ्यावर आले. त्याला आमच्या क्वाड बाइक जबाबदार आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या लांबच लांब वाटेवरचा आमचा मुक्काम तरी नीट ठेवणं आपल्या हातात आहे, आणि त्याला जवळपास काहीच खर्च नाही.

मागणी लहान आहे. प्रत्येक मोठ्या पुळणीवर थवे भरतीला कुठे बसतात हे स्थानिक मंडळींना ठाऊक असतं. शक्यतो खाडीच्या मुखाशी, गर्दीपासून लांबच्या टोकाला. ते तीन-चारशे मीटर आखून घ्या. सप्टेंबर ते मार्च, भरतीच्या आधी दीड आणि नंतर दीड तास, तेवढ्या तुकड्यात चाकं नकोत, घोडे नकोत, मोकळी कुत्री नकोत. पायी माणसाने दोरीबाहेरून बघावं, दुर्बीण असेल तर आणखी चांगलं. बाकीची सगळी पुळण पाहुण्यांचीच आहे. जलक्रीडा आणि क्वाड बाइकच्या परवान्यात ही अट घाला. परवाना रद्द होण्याची भीती असेल तर फलकापेक्षा ती जास्त कामाला येते. 'गाडी नेऊ नये' असे फलक आजही आहेत, त्यांच्याच सावलीत गाड्या उभ्या असतात. भरतीच्या वेळा पुळणीच्या तोंडाशी रोज लिहा. पाहुण्यांच्या जिवालाही ते बरं. भरती-ओहोटीचा अंदाज नसल्याने बुडण्याच्या घटना होतात, त्या कमी नाहीत. लक्ष ठेवायला गावातली दोन पोरं पुरतात, आणि त्यांचा पगार पार्किंगच्या पावतीतून सहज निघेल. वेळासला कासवांची घरटी गावकऱ्यांनी राखली, तर कासव महोत्सवाला येणाऱ्यांमुळे घरोघरी चूल पेटली. कोकणी माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही.

आणखी एक. 2025 मध्ये नागाव, श्रीवर्धन, गुहागर, लाडघर आणि पारनाका या किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं. नागाव आमच्या शेजारचंच, अभिमान आहे. पण स्वच्छता म्हणून यंत्राने वाळू खरवडताना भरतीरेषेवरचा शेवाळाचा, काड्यांचा ओघळही उचलला जातो. प्लास्टिक जरूर उचला. तो ओघळ राहू द्या. त्यातल्या किड्यांवर हे लहान पक्षी जगतात, आणि शेवाळ व नैसर्गिक पालापाचोळा किनाऱ्यावर राहू द्यावा असं ब्लू फ्लॅगचे निकषच सांगतात.

आदेश काढायचाच तर वसुबारसेच्या आधी काढावा. भाऊबीज उलटल्यावर निघालेला कागद यंदाच्या उधाणाला काही उपयोगाचा नाही.

आपला,
अलिबाग तालुक्यातला एक खोलीवाला