गाळ विहिरीत, पाणी वाहून

महोदय,

विहीर पुनर्भरणाचा, म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी विहिरीत सोडण्याचा, सल्ला सगळेच देतात, गाळणीबद्दल कोणी बोलत नाही. ओढ्याचं गढूळ पाणी थेट सोडलं की गाळाने झरे बुजतात; मग पुनर्भरण न केलेलंच बरं!

आधी गाळ बसायला एक छोटा खड्डा हवा, त्यापुढे दोन मीटर लांब-रुंद-खोल गाळणीचा खड्डा. त्यात तळाशी मोठे दगड, वर खडी, सर्वांत वर जाड वाळू. प्रत्येक थर साधारण फूट-दीड फुटाचा. तळातून चार इंची पाइप विहिरीत न्यावा आणि फूटभर आत काढावा, नाहीतर धारेने विहिरीची भिंत ढासळते. वाळूचा वरचा साका दरवर्षी खरवडायलाच हवा. खत-औषध मारलेल्या शेतातलं पाणी मात्र नकोच. त्यातलं खत-औषध गाळणी अडवत नाही.

— एक वाचक