क्रॅटमबद्दल, तू विचारलंस म्हणून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र कालच हाती आलं. धाकट्याच्या खोलीत क्रॅटमची रिकामी पाकिटं सापडली, तो म्हणतो ‘झाडपालाच आहे, कॉफीसारखा’, आणि तुला कळत नाही की हे व्यसन म्हणायचं की सवय. तुझ्या घालमेलीची मला कल्पना आहे. म्हणून जे नक्की ठाऊक आहे ते सगळं लिहितो.

क्रॅटमचं झाड कॉफीच्याच कुळातलं, हे त्याचं म्हणणं खरं आहे. थायलंड-मलेशियात उन्हातान्हात राबणारे मजूर ही पानं पिढ्यान्‌पिढ्या चघळत आलेत. पण साम्य तिथेच संपतं. पानातलं मुख्य द्रव्य मित्रागायनिन. मेंदूत मॉर्फिन ज्या ठिकाणी जाऊन बसतं, तिथेच, जरा सौम्यपणे, हेही बसतं. साधारण १ ते ५ ग्रॅम पूड घेतली की तरतरी येते. ५ ते १५ ग्रॅमला वेदना बोथट होतात आणि शांत, जड वाटू लागतं. त्यापुढे मळमळ, गरगर आणि गुंगी.

घरचे फसतात ते इथेच. झोकांड्या, तोंडाचा वास, लाल डोळे, असलं काही ते शोधत बसतात. महिनोन्‌महिने क्रॅटम घेणारा माणूस मात्र मात्रा पोटात असताना अगदी व्यवस्थित दिसतो. कामावर जातो, नीट बोलतो. म्हणून तू त्याच्याकडे पाहण्याआधी घड्याळाकडे बघ. परिणाम १०-२० मिनिटांत सुरू होतो आणि काही तासांत ओसरतो. अधूनमधून घेणाऱ्याचा एखादा दिवस चुकला तर त्याच्या लक्षातही येत नाही. व्यसन लागलेल्याचा दिवस मात्र मात्रांच्या वेळांवर बेतलेला असतो: उठल्या उठल्या एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, झोपताना एक. प्रवासाला निघताना कपड्यांच्या आधी पुडी बॅगेत जाते.

सकाळ नीट पाहा. जांभयांवर जांभया, डोळ्यांतून पाणी, गळणारं नाक, अंगावर शहारे, हातपाय दुखणं, पाय एका जागी न ठरणं आणि विनाकारण चिडचिड. मग तो हिरवट पाण्याचा ग्लास रिकामा करतो आणि अर्ध्या तासात सगळं गायब! खरी सर्दी अशी जात नाही. रात्रीच्या खंडानं अंगात विथड्रॉवल (सवयीचं द्रव्य न मिळाल्यानं होणारा त्रास) सुरू झालेलं असतं आणि पूड ते मिटवते. एव्हाना तो मजेसाठी घेत नसतो, नेहमीसारखं वाटावं एवढ्यासाठीच घेत असतो.

दुसरा पुरावा पाकिटांवर आहे. वजन आणि खरेदीच्या तारखा जुळव. २५० ग्रॅमचं पाकीट रोज ५ ग्रॅमनं ५० दिवस पुरतं. १० दिवसांत संपत असेल तर रोजचे २५ ग्रॅम झाले. कॅप्सूल असतील तर एकीत साधारण अर्धा ग्रॅम धर. सपाट चमच्याच्या जागी शिगोशीग चमचा येणं, पांढरी-हिरवी-लाल अशी जात बदलत राहणं (जात बदलली की मात्रा वाढवावी लागत नाही असा समज असतो, पण शरीर फसत नाही), ही सगळी मात्रा चढत चालल्याची चिन्हं.

पुडीवरून तो अर्काच्या छोट्या बाटल्यांवर किंवा ‘७-ओएच’ लिहिलेल्या गोळ्यांवर गेला असेल तर मात्र वेळ न घालवता डॉक्टर गाठ. ते ७-हायड्रॉक्सीमित्रागायनिन. पानात ते नावापुरतंच असतं, गोळीत एकवटलेलं असतं आणि मित्रागायनिनपेक्षा कितीतरी जोरकस आहे. पिढ्यान्‌पिढ्या पानं चघळणाऱ्यांचा दाखला या गोळ्यांना लागू होत नाही.

शरीरही बोलतं. हटवादी बद्धकोष्ठता, कोरडं तोंड, वारंवार लघवी. वजन उतरतं, कारण रिकाम्या पोटी पूड लवकर लागते म्हणून जेवण टाळलं जातं, शिवाय भूकही मरते. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचे गाल काळवंडतात.

मानसोपचारतज्ज्ञ निदान करताना गेल्या १२ महिन्यांतल्या ११ खुणा तपासतात. २ जुळल्या तरी सौम्य व्यसन, ६ किंवा जास्त जुळल्या तर तीव्र. माझ्या मते त्यांतल्या दोन सर्वांत बोलक्या आहेत: कमी करायचं ठरवून न जमणं आणि त्रास होतोय हे कळूनही घेत राहणं. बाकी सगळं सोडून त्याला हे दोनच विचार.

पूड फेकून देऊ नकोस. संताप समजतो, पण एकदम बंद केलं तर १२ ते ४८ तासांत पूर्ण विथड्रॉवल सुरू होतं. अंगाचा त्रास बहुधा आठवड्याभरात उतरतो. झोप आणि मन ताळ्यावर यायला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागतात. त्या अवस्थेत तो पुन्हा आणेल आणि या वेळी जास्त जपून लपवेल. त्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवणं बरं. आधी तीन-चार दिवस प्रत्येक मात्रा ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलून खरा आकडा काढायचा, कारण चमच्याचा अंदाज हमखास चुकतो. मग आठवड्याला साधारण १० टक्के कपात: २० ग्रॅम असतील तर आधी २ ग्रॅम. मधल्या मात्रा आधी कमी करायच्या, सकाळची आणि रात्रीची शेवटी. बिघडतं कुठे? वाईट दिवशी ‘आज थोडी जास्त’ होते आणि आठवड्याची कमाई जाते. पाकिटागणिक जोर वेगळा असतो, त्यामुळे वजन तेच राहूनही त्रास अचानक वाढतो. आणि झोप येत नाही म्हणून दारू किंवा झोपेच्या गोळ्या सुरू होतात, ते सगळ्यात धोक्याचं. तो या दोन्हींपैकी काही आधीच रोज घेत असेल तर तेही घरच्या घरी एकदम तोडू नका. त्यानं फिट येऊ शकते.

डॉक्टरांना क्रॅटमचं नाव स्पष्ट सांगा. लघवीच्या नेहमीच्या ड्रग टेस्टमध्ये ते दिसत नाही, वेगळी तपासणी लागते. चालू औषधांची यादीही द्या, कारण क्रॅटम यकृतातली काही एन्झाइम्स अडवतं आणि इतर औषधं रक्तात साठू शकतात. घाम-धडधडीसाठी क्लोनिडिन, तीव्र व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन असे उपाय आहेत. ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही दिसलं तर यकृताला इजा झालेली असू शकते. क्रॅटम थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठ. फिट आली, श्वास मंदावला, ओठ निळसर झाले, हलवूनही जाग येत नसेल, तर थेट अँब्युलन्स. नॅलोक्सोन (अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम उतरवणारं औषध) हाताशी असेल तर दे, आणि तो शुद्धीवर आला तरी रुग्णालयात ने. काही आठवडे बंद ठेवून पुन्हा जुनीच मात्रा घेणं जिवावर बेतू शकतं, हेही त्याला आधीच सांगून ठेव.

बोलायला सकाळ निवडू नकोस, तेव्हा तो स्वतःशीच झगडत असतो. मात्रेनंतर तासाभरानं, दोघंच असताना बोल. ‘किती घेतोस’च्या आधी ‘कशासाठी सुरू केलंस’ हे विचार. पाठदुखी, अस्वस्थता, निद्रानाश, किंवा दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या सोडण्याची धडपड, बहुतेकांचं कारण यांतलंच असतं. त्या मूळ दुखण्यावर इलाज झाला नाही तर पूड सुटूनही परत येते.

आता मला चार गोष्टी कळव: पाकिटावर नेमकं काय लिहिलंय, वजन किती, पहिली खरेदी कधीची, आणि तो इतर कुठली औषधं घेतो. तज्ज्ञांकडे जाताना हाच कागद सोबत ने. फोन रात्री उशिरा केलास तरी चालेल.

तुझा,
अनंत