व्याख्यान पाहावे, पण पुस्तक उघडे ठेवून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमळनेर परिसरातील बी.एस्सी.च्या काही विद्यार्थ्यांना मी निवृत्तीनंतर संध्याकाळी गणित शिकवतो. अवकल समीकरणांचा (एखादी राशी आणि तिच्या बदलाचा दर यांना जोडणाऱ्या समीकरणांचा), म्हणजे त्यांच्या बोलण्यातल्या ‘डिफरन्शियल इक्वेशन्स’चा भाग आला की दरवर्षी एकच अनुभव येतो. व्हिडिओ व्याख्याने सगळी पाहून झालेली असतात, वहीत मात्र स्वतः सोडवलेले एकही उदाहरण नसते आणि ग्रंथालयातून आणलेले पुस्तक परीक्षेच्या आठवड्यापर्यंत उघडलेले नसते.

व्याख्यानांना मी नावे ठेवत नाही. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या एनपीटीईएल या उपक्रमात या विषयावरील व्याख्याने विनामूल्य पाहता येतात, आणि चोपड्याहून किंवा पारोळ्याहून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलालाही ती मोबाइलवर उतरवून घेता येतात, ही फार मोठी सोय आहे. शिवाय काही गोष्टी छापील पानावर नीट दिसत नाहीत. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाच्या समीकरणात अवमंदन, म्हणजे हालचालीला होणारा विरोध, वाढवत नेले की आंदोलने लवकर लवकर विरू लागतात आणि एका मर्यादेपलीकडे आंदोलनच होत नाही, हे हलत्या आलेखात दोन मिनिटांत ध्यानात येते.

अडचण त्यापुढे आहे. डीवाय बाय डीएक्स बरोबर वाय वर्ग हे साधे समीकरण घ्या. फळ्यावर वाय वर्गाने भागले जाते, दोन्ही बाजूंचे समाकलन (इंटिग्रेशन) होते, उत्तर येते आणि पाहणाऱ्याला सारे पटते. पण वाय शून्य असेल तर असे भागताच येत नाही, आणि वाय बरोबर शून्य हीसुद्धा या समीकरणाची उकल आहे, जी मिळालेल्या सूत्रात स्थिरांकाची कोणतीही किंमत घातली तरी हाती लागत नाही. चांगल्या पुस्तकात ही अट त्या ओळीशेजारीच छापलेली असते आणि तिच्यावर बोट ठेवून थांबता येते. व्याख्यानात ती सांगितली गेली तरी कानावरून निघून जाते.

न्यूटनच्या शीतकरणाच्या नियमाचेही तसेच; वस्तू थंड होण्याचा वेग तिच्या आणि भोवतालच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो, असा हा नियम. मे महिन्यात आपल्याकडे खोलीचे तापमान ४० अंश धरा. ९० अंशांचा चहा ५ मिनिटांत ७० अंशांवर आला, तर आणखी ५ मिनिटांनी किती असेल? व्याख्यान नुकतेच पाहून आलेल्या बहुतेकांनी ५० सांगितले. खोलीशी असलेला फरक ५० वरून ३० झाला, म्हणजे तीन-पंचमांश उरला, तो पुढे १८ होणार आणि चहा ५८ अंशांवर असणार, हे त्यांना स्थिरांक स्वतःच्या हाताने काढल्यावरच उमगले.

म्हणून मी आता आधी पुस्तकातील दोन-तीन पाने वाचायला लावतो, मग व्याख्यान. उदाहरण फळ्यावर लिहिले गेले की व्हिडिओ थांबवायचा आणि ते आधी वहीत सोडवायचे. त्यानंतर त्याच प्रकारची उदाहरणे पुस्तकातील स्वाध्यायातून. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी बोलण्याचा वेग सुरुवातीला झेपत नाही, पण पानावर आधी पाहिलेला शब्द कानाला ओळखीचा वाटतो, हा लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

खान्देशातील महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, ‘सगळे मोबाइलवर मिळते’ म्हणून गणिताच्या पुस्तकांच्या प्रती कमी करू नयेत, आणि वेळापत्रकातील आठवड्याचा एक तास तरी व्याख्यान थांबवत थांबवत, पुस्तक समोर ठेवून उदाहरणे सोडवण्यासाठी राखावा.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव