काकूंची पेटी आणि एक चित्रपट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आईकडे राहायला आल्यापासून तुमचे रोज खटके उडतात आणि बहुतेक वेळा निमित्त फ्रिजमधल्या उरलेल्या भाजीचे असते, हे वाचून मला १९९६ सालचा ‘मदर’ हा अमेरिकी विनोदी चित्रपट आठवला, म्हणून काल रात्री मी तो पुन्हा पाहिला.

अल्बर्ट ब्रूक्सने तो मोनिका जॉन्सनसह लिहिला, दिग्दर्शित केला आणि मुलाची भूमिकाही स्वतःच केली. जॉन हा विज्ञानकथालेखक दुसऱ्या घटस्फोटानंतर, बायकांशी आपले का बिनसते याचे मूळ आईपाशीच सापडेल अशा खात्रीने, कॅलिफोर्नियातल्या सॉसॅलिटो गावी तिच्या घरी येतो आणि शाळकरी वयातली आपली खोली जुन्या सामानानिशी पुन्हा उभी करतो. या राहण्याला तो ‘प्रयोग’ म्हणतो. आई चीजचा भलामोठा ठोकळा फ्रीझरमध्ये साठवते, आणि फळांच्या आइस्क्रीमवर साचलेला बर्फ तिच्या मते त्याचे रक्षण करणारा असतो! दुकानात भेटलेल्या परक्या माणसांसमोरही ती मुलाचे खासगी विषय सहज काढते. तिचा आवाज एकदाही चढत नाही, आणि म्हणूनच तो बिचारा रागावूही शकत नाही.

ही आई साकारली आहे डेबी रेनॉल्ड्सने. ‘सिंगिंग इन द रेन’ या संगीतपटातली १९५२ सालची ती कोवळी मुलगी इथे चौसष्टीच्या घरात आहे, ब्रूक्सपेक्षा ती प्रत्यक्षात अवघ्या पंधरा वर्षांनी मोठी, तरी ती त्याची आई नाही असे क्षणभरही वाटत नाही. तिच्या त्या गोड, शांत हसण्यातली धार मला पहिल्या वेळी कळलीच नव्हती.

पण तुला लिहायला बसलो तो एका प्रसंगासाठी. कपाटात जॉनला आईचे जुने लेखन सापडते. लग्नाआधीपासून तिला लेखिका व्हायचे होते, आणि संसारात ते मागे पडले. त्याच्या लेखनाविषयी ती इतकी कोरडी का बोलत आली, हे त्याला तेव्हा उमगते: जे तिला सोडावे लागले, तेच हा मुलगा तिच्या डोळ्यांसमोर करत होता. त्यानंतर त्याचा स्वर बदलतो. ती मात्र तशीच राहते, बर्फासकट, आणि तिला सुधारण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला हे मला फार मोलाचे वाटते.

गेल्या दिवाळीत तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा माळ्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली पेटी दिसली होती. ती कोणाची, असे मी विचारले, तर काकूंनी “पडलीय अशीच” म्हणून मला चहा पुढे केला. मी पाहुणा, माझ्याने पुढे विचारवले नाही. तू विचार. भाजीचा विषय निघण्याआधी, सकाळीच विचार, आणि त्या काय म्हणाल्या ते मला सविस्तर कळव.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र